प्रतिपिंड चाचणी आणि सीरो सर्वेक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषाणूची साथ सुरू झाली की रोज दोन आकडे जाहीर होतात: नवे रुग्ण किती आणि दगावले किती. संसर्ग प्रत्यक्षात किती जणांना होऊन गेला, हा तिसरा आकडा मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही, कारण ज्यांना काहीच त्रास झाला नाही ते दवाखान्याची पायरी चढले नाहीत आणि जे गेले त्यांतल्या सगळ्यांची तपासणी झाली नाही. तो आकडा लोकांच्या रक्तातूनच शोधावा लागतो, आणि त्यासाठी जी पाहणी केली जाते तिला सीरो सर्वेक्षण म्हणतात. रक्त देताना, संमतीपत्रावर सही करताना आणि अहवाल हाती पडल्यावर लोक जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. दाखले बरेचसे कोविड-१९चे आहेत, कारण या चाचणीचे बळ आणि तिच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या साथीत सर्वांसमोर आल्या.

प्रतिपिंड म्हणजे काय, आणि आजार बरा झाल्यावरही ते रक्तात का राहतात?

प्रतिपिंड, म्हणजेच अँटीबॉडी, ही इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची प्रथिने असतात. शरीरात शिरलेल्या विषाणूच्या विशिष्ट भागाला (त्याला प्रतिजन म्हणतात) ती चिकटतात. संसर्गानंतर साधारणपणे आधी आयजीएम प्रकारचे प्रतिपिंड दिसू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ, कधी बरोबरच, आयजीजी प्रकारचे. आयजीएम काही आठवड्यांत ओसरतात. आयजीजी कित्येक महिने, काही आजारांत कित्येक वर्षे टिकतात.

येथे एक गंमत आहे. आयजीजीच्या एका रेणूचे अर्धायुष्य जेमतेम तीन आठवड्यांचे असते. तरीही गोवर होऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात पन्नास वर्षांनंतरही गोवरविरोधी प्रतिपिंड सापडतात, कारण ते तयार करणाऱ्या काही पेशी अस्थिमज्जेत ठाण मांडून बसतात आणि थोडा थोडा पुरवठा चालू ठेवतात. ज्या आजारात अशा पेशी कमी तयार होतात किंवा लवकर संपतात, त्यात प्रतिपिंडही लवकर ओसरतात.

ही चाचणी आरटी-पीसीआरपेक्षा वेगळी कशी?

आरटी-पीसीआर नाकातल्या किंवा घशातल्या स्रावात विषाणूची जनुकीय सामग्री शोधते. म्हणजे विषाणू सध्या शरीरात आहे का, याचे उत्तर देते. प्रतिपिंड चाचणी विषाणूला शोधतच नाही. शरीराची त्याच्याशी गाठ पडली होती का, एवढेच ती सांगते.

त्यामुळे ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ विषाणूनुसार बदलतो, हे लक्षात ठेवलेले बरे. एचआयव्हीच्या बाबतीत प्रौढ व्यक्तीत प्रतिपिंड खात्रीने सापडले, तर संसर्ग अजूनही आहे असाच अर्थ होतो. हिपॅटायटिस सीमध्ये विषाणू शरीरातून पूर्ण गेल्यावरही प्रतिपिंड राहतात, म्हणून तो आज आहे की नाही हे ठरवण्यासाठी वेगळी आरएनए चाचणी करावी लागते. गोवरात आयजीजी सापडले, तर माणूस संरक्षित आहे असे बहुधा मानता येते. म्हणजे अहवालावरचा शब्द एकच असला, तरी निरोप तीन निराळे.

मला आज ताप आणि खोकला आहे. प्रतिपिंड चाचणी करून घेऊ का?

नको. पहिल्या काही दिवसांत प्रतिपिंड तयारच झालेले नसतात; बहुतेकांमध्ये ते लक्षणे सुरू झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी मोजण्याजोगे होतात. नव्या श्वसनविकाराच्या निदानासाठी ही चाचणी म्हणजे वरातीमागून घोडे. डॉक्टर सांगतील ती पीसीआर किंवा अँटिजेन चाचणी करावी.

रक्त घेतल्यानंतर नमुन्याचे नेमके काय होते?

शिरेतून घेतलेले तीन ते पाच मिलिलिटर रक्त नळीत अर्धा तास उभे ठेवले की गोठते. मग ती नळी सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात वेगाने फिरवतात. गोठलेला लाल भाग तळाशी बसतो आणि वर फिकट पिवळसर, पारदर्शक द्रव उरतो. तोच रक्तद्रव, म्हणजे सीरम. सर्वेक्षणाच्या नावातला ‘सीरो’ यातूनच आला आहे.

प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक वापरात असलेली पद्धत एलायझा. स्टॉकहोममध्ये ईव्हा एंगवॉल आणि पीटर पर्लमन यांनी ती १९७१ मध्ये मांडली. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये आठ ओळी आणि बारा रकाने, म्हणजे ९६ छोटे खळगे असतात, आणि प्रत्येक खळग्याच्या तळावर विषाणूचे प्रथिन आधीच चिकटवलेले असते. त्यात विरळ केलेले सीरम घालतात. त्या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड असतील तर ते तळाला चिकटून बसतात; बाकीचे सारे धुऊन टाकले जाते. मग मानवी प्रतिपिंडांना चिकटणारे, विकर (एन्झाइम) जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालायचे, पुन्हा धुवायचे, आणि शेवटी रंगहीन रसायन. जेथे विकर टिकून राहिले तेथे काही मिनिटांत निळा रंग चढू लागतो. आम्लाचा थेंब पडताच अभिक्रिया थांबते आणि निळ्याचा पिवळा होतो. हा पिवळेपणा यंत्र ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजते.

या कामाचा खरा कस लागतो तो धुण्यात, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. एखादा खळगा नीट धुतला गेला नाही तर त्यात प्रतिपिंड नसतानाही पिवळसर झाक येते, आणि कडेचे खळगे आधी वाळले तर सबंध कडेचेच आकडे सरकतात. म्हणून प्रत्येक प्लेटवर काही खळगे खात्रीच्या पॉझिटिव्ह आणि खात्रीच्या निगेटिव्ह नमुन्यांसाठी राखून ठेवतात. ते अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर ती सगळी प्लेट बाद होते, मग उरलेले आकडे कितीही सुरेख दिसोत.

यंत्र रंगाची तीव्रता मोजते. मग पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यातली रेघ कोण ओढते?

ती रेघ माणसेच ओढतात, आणि ती कोठे ओढायची याला पर्याय असतात. रेघ खाली आणली तर प्रतिपिंड कमी असलेली माणसेही पकडली जातात, पण संसर्ग न झालेले काही जण त्यांच्याबरोबर ओढले जातात. रेघ वर नेली की याच्या उलट होते. संसर्ग झालेल्यांपैकी किती जणांना चाचणी बरोबर ओळखते ती तिची संवेदनशीलता, आणि संसर्ग न झालेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर वगळते ती तिची विशिष्टता. एकीत मिळवायचे तर बहुधा दुसरीत गमवावे लागते. रेघेच्या अगदी जवळ आलेले नमुने ‘अनिश्चित’ म्हणून वेगळे काढून पुन्हा तपासण्याची पद्धत चांगली आहे. असे नमुने अहवालातून गुपचूप नाहीसे झाले असतील, तर तो अहवाल सावधपणे वाचावा.

बोटातून थेंबभर रक्त घेऊन पंधरा मिनिटांत निकाल देणारे किट चालत नाही का?

चालते, पण प्रत्येक किट चालत नाही. पट्टीवर उमटणारी रेघ डोळ्यांनी वाचायची असल्यामुळे फिकट रेघेला एकजण हो म्हणतो आणि दुसरा नाही. २०२० च्या सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशी पडताळणी न झालेली अनेक किट बाजारात आली आणि काही देशांना घेतलेली किट बाजूला ठेवावी लागली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या वर्षी मार्चमध्ये अशा चाचण्यांना आधी पडताळणी न करता विक्रीची मुभा दिली होती. मे महिन्यात ती आवळावी लागली. पडताळणी करून निवडलेले किट मात्र घरोघरच्या पाहणीत उपयोगी पडते, कारण ते वापरणाऱ्यांना शीतसाखळीची आणि सेंट्रिफ्यूजची गरज फारशी भासत नाही.

चाचणी ९५ टक्के अचूक असेल, तर माझा पॉझिटिव्ह निकाल खरा असण्याची शक्यताही ९५ टक्के धरायची ना?

नाही, आणि या सबंध विषयातला सर्वांत जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. कागद-पेन्सिल घेऊन एकदा हिशेब मांडावा.

समजा, दहा हजार लोकांच्या वस्तीत पाच टक्के, म्हणजे ५०० जणांना संसर्ग होऊन गेला आहे. चाचणीची संवेदनशीलता ९५ टक्के आणि विशिष्टताही ९५ टक्के. त्या ५०० पैकी ४७५ जण पॉझिटिव्ह येतील आणि २५ निसटतील. उरलेल्या ९,५०० जणांना संसर्ग झालेला नाही, पण त्यांच्यातले पाच टक्के, म्हणजे पुन्हा ४७५ जण, चुकून पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह ९५०, आणि त्यांतले बरोबर निम्मे चुकीचे. म्हणजे आपला पॉझिटिव्ह निकाल खरा की खोटा, हे छापा-काटा करून ठरवल्यासारखेच झाले.

आता त्याच चाचणीने अशी वस्ती तपासा, जेथे निम्म्या लोकांना संसर्ग होऊन गेला आहे. खरे पॉझिटिव्ह ४,७५० येतील, चुकीचे फक्त २५०. म्हणजे पॉझिटिव्ह निकाल ९५ टक्के विश्वासार्ह. चाचणीत तसूभर बदल झालेला नाही, साथ पुढे सरकली इतकेच. याच कारणाने साथीच्या सुरुवातीला, संसर्ग विरळ असताना, विशिष्टतेवर काटेकोर भर द्यावा लागतो. पहिल्या उदाहरणात विशिष्टता ९९.५ टक्के केली तर चुकीचे पॉझिटिव्ह ४७५ वरून सुमारे ४८ वर येतात. इतकी चांगली चाचणी हाताशी नसेल, तर पहिलीत पॉझिटिव्ह आलेले नमुने वेगळ्या प्रतिजनावर आधारलेल्या दुसऱ्या चाचणीतून काढतात आणि दोन्हींत पॉझिटिव्ह आलेले तेवढेच धरतात.

एकेका माणसाचा निकाल इतका चुकत असेल, तर त्यावरून सगळ्या समाजाचा आकडा बरोबर कसा निघतो?

एकेक निकाल चुकतो, पण चुकण्याचे प्रमाण माहीत असते. आणि माहीत असलेली चूक हिशेबातून वजा करता येते. वॉल्टर रोगन आणि बेथ ग्लॅडन यांनी १९७८ मध्ये मांडलेले साधे सूत्र आजही यासाठी वापरले जाते. हजार जणांची तपासणी केली आणि ८० पॉझिटिव्ह आले, म्हणजे आठ टक्के. चाचणीची विशिष्टता ९७ टक्के असेल, तर कोणालाच संसर्ग झाला नसता तरीही सुमारे ३० जण पॉझिटिव्ह आले असते. आठातून तीन टक्के वजा केले की पाच उरतात. संवेदनशीलता ९० टक्के धरली, तर त्या पाचांना ०.८७ ने (०.९० अधिक ०.९७ वजा १) भागायचे. उत्तर येते सुमारे ५.७ टक्के. त्या ८० जणांतले नेमके कोण खरे पॉझिटिव्ह, हे मात्र या सूत्रातून कधीच कळत नाही. या चाचणीला समाजाचा प्रश्न विचारला तर ती नेमके उत्तर देते. व्यक्तीचा प्रश्न विचारला की तिची जीभ अडखळते.

वजाबाकी कधी कधी अंगलट येते, कारण विशिष्टतेचा आकडाही अंदाजच असतो. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा परगण्यात ३,३३० जणांची तपासणी झाली आणि ५० जण, म्हणजे दीड टक्का, पॉझिटिव्ह आले. त्या किटची पडताळणी करताना संसर्ग नसलेल्या ४०१ नमुन्यांत दोन चुकीचे पॉझिटिव्ह आढळले होते, म्हणजे अर्धा टक्का. पण ४०१ पैकी दोन या तुटपुंज्या पुराव्यावरून खरे प्रमाण पावणेदोन टक्क्यांपर्यंतही असू शकते. तसे असेल तर ते पन्नासच्या पन्नास चुकीचेच निघण्याची शक्यता उरते. संख्याशास्त्रज्ञांनी नेमके यावर बोट ठेवले. लोकांना फेसबुकवरच्या जाहिरातीतून बोलावल्यामुळे, आपल्याला संसर्ग होऊन गेला असावा अशी शंका असलेलेच जास्त आले असतील, हा आक्षेप वेगळाच.

चाचणीची विशिष्टता आणि संवेदनशीलता आधी कळते तरी कशी?

विशिष्टतेसाठी, विषाणू अस्तित्वातच नव्हता तेव्हाचे जुने सीरम वापरतात. कोविडच्या बाबतीत २०१९ पूर्वी गोठवून ठेवलेले नमुने फार कामी आले, कारण त्यांत पॉझिटिव्ह आलेला प्रत्येक नमुना चुकीचा असणार हे निश्चित होते. संवेदनशीलतेसाठी पीसीआरने सिद्ध झालेल्या रुग्णांचे सीरम लागते, आणि तेथे एक खोच आहे. असे नमुने रुग्णालयात दाखल झालेल्यांकडून सहज मिळतात. पण गंभीर आजाऱ्यांमध्ये प्रतिपिंड भरपूर असतात, त्यामुळे त्यांच्यावर पारखलेली चाचणी कागदावर झकास दिसते आणि लक्षणे न झालेल्या माणसांमध्ये पाय घसरतो. सर्वेक्षणाचा मोठा भाग अशाच माणसांचा असतो. किटच्या माहितीपत्रकावरचा आकडा पाहताना तो कोणाच्या रक्तावरून आला हे विचारले पाहिजे, आणि ते फार थोडे लोक विचारतात.

काही हजार लोकांच्या रक्तावरून कोट्यवधींबद्दल कसे बोलता येईल?

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भांडे नीट ढवळलेले असले तर. दहा टक्क्यांच्या आसपासचे प्रमाण दोन टक्के इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने काढायचे, तर निव्वळ चिठ्ठ्या टाकून निवडलेले सुमारे ८६५ लोक पुरतात, मग लोकसंख्या एक लाख असो की एक कोटी. प्रत्यक्षात लोक एकेकटे निवडता येत नाहीत. आधी गावे किंवा वस्त्या, मग घरे, मग घरातली माणसे अशी टप्प्याटप्प्याने निवड होते. एका घरातली, एका वस्तीतली माणसे संसर्गाच्या बाबतीत एकमेकांसारखी असल्यामुळे ही संख्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त ठेवावी लागते. शिवाय वय, भाग, स्त्री-पुरुष अशा प्रत्येक गटाबद्दल बोलायचे असेल तर प्रत्येक गटात पुरेशी माणसे हवीत.

स्पेनने २०२० च्या एप्रिल-मेमध्ये ६१ हजारांहून अधिक लोकांची अशी घरनिहाय पाहणी केली. देशाची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास निघाली, पण माद्रिद परिसरात दहा टक्क्यांहून जास्त आणि किनाऱ्यालगतच्या बऱ्याच भागांत तीन टक्क्यांहून कमी. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जणांना कोणतेही लक्षण आठवत नव्हते. नुसती देशाची सरासरी काढून थांबले असते तर यातले काहीच दिसले नसते.

आमच्या घरातल्या एकाच व्यक्तीला निवडले. शेजारचे स्वतःहून तयार आहेत, त्यांचे रक्त का घेत नाही?

हा प्रश्न दारोदार ऐकू येतो आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण स्वतःहून पुढे येणारे लोक बाकीच्यांसारखे नसतात. कोणी आजारी पडून गेलेला असतो, कोणी रुग्णाच्या सहवासात आलेला असतो, कोणाला फुकट तपासणी हवी असते. त्यांना घेतले की संसर्गाचे प्रमाण वाढते आणि ते किती फुगले हे मोजायला काही साधन राहत नाही. याच कारणाने, निवडलेले घर बंद असेल तर शेजारचे उघडे घर न घेता त्याच दारावर पुन्हा जावे लागते. दिवसभर बंद असलेल्या घरातली माणसे कामावर गेलेली असतात, म्हणजे संसर्गाची संधी त्यांनाच जास्त. ती वगळली तर आकडा दुसऱ्या बाजूला कलतो. आपण नकार दिला तरी चालते, तो आपला हक्क आहे. फक्त त्या नकाराची नोंद होऊ द्यावी, कारण किती जणांनी नकार दिला हेही अहवालात सांगावे लागते.

सर्वेक्षणाचा आकडा जाहीर रुग्णसंख्येच्या कित्येक पट निघतो. मग आधी आकडे लपवले होते का?

बहुतेक वेळा तसे नसते. रुग्णसंख्या तपासणी झालेल्यांमधून येते आणि तपासणी लक्षणे असलेल्यांची, तीही उपलब्ध किटच्या प्रमाणात होते. भारतात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मे-जून २०२० मध्ये केलेल्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमधले प्रमाण ०.७३ टक्के निघाले. म्हणजे नोंदलेल्या एका रुग्णामागे ८२ ते १३० संसर्ग. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या दुसऱ्या फेरीत हेच गुणोत्तर २६ ते ३२ वर आले, कारण दरम्यान तपासण्या वाढल्या होत्या. सर्वेक्षण पुन्हा पुन्हा करण्याचा हा एक मोठा उपयोग: नोंद यंत्रणेला साथ किती दिसते आहे, हे त्यातून कळते.

याहून ठळक दाखला पॅसिफिक महासागरातल्या याप बेटांचा आहे. २००७ मध्ये तेथे झिकाची साथ आली. प्रयोगशाळेत खात्री झालेले रुग्ण होते ४९. घरोघर जाऊन रक्त तपासल्यावर अंदाज निघाला की तीन वर्षांवरील सुमारे ७३ टक्के रहिवाशांना संसर्ग होऊन गेला होता. बहुसंख्यांना त्याचा पत्ताही लागला नव्हता.

यातून आजाराची तीव्रताही नव्याने मोजता येते. मृत्यूंना नोंदलेल्या रुग्णांनी भागले तर आजार फार भयंकर भासतो. एकूण संसर्गांनी भागले की खरे चित्र जवळ येते, मात्र मृत्यूंची नोंदही तितकीच पूर्ण असली पाहिजे.

लस घेतलेल्यांचेही प्रतिपिंड पॉझिटिव्ह येतील. मग संसर्ग आणि लस यांतला फरक कसा कळतो?

कोणत्या प्रतिजनाविरुद्धचे प्रतिपिंड शोधायचे, ते विचारपूर्वक निवडून. हिपॅटायटिस बीमध्ये ही युक्ती जुनी आहे. त्या लसीत विषाणूच्या फक्त पृष्ठभागावरचे प्रथिन असते, म्हणून लस घेतलेल्यात केवळ त्याविरुद्धचे प्रतिपिंड सापडतात. गाभ्यातल्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड आढळले तर प्रत्यक्ष संसर्ग होऊन गेला, किंवा अजून आहे, असे समजते. कोविडमध्येही तसेच. ज्या लसी केवळ विषाणूच्या पृष्ठभागावरच्या स्पाइक प्रथिनावर आधारलेल्या आहेत, त्या घेतलेल्या व्यक्तीत आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड सापडले तर ते संसर्गाचेच. संपूर्ण विषाणू निष्क्रिय करून बनवलेल्या लसींपुढे मात्र ही युक्ती चालत नाही, कारण त्यांत दोन्ही प्रथिने असतात. तेथे लसीची तारीख आणि प्रकार विचारून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

मला संसर्ग झाल्याचे पीसीआरने सिद्ध झाले होते, तरी प्रतिपिंड निगेटिव्ह कसे?

चाचणी फार लवकर झाली असेल, किंवा फार उशिरा. सौम्य आजारात काहींच्या शरीरात मोजण्याजोगे प्रतिपिंड तयारच होत नाहीत. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्येही हे दिसते. शिवाय आपल्या शरीराने एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड तयार केले आणि चाचणी दुसऱ्याच प्रथिनाची होती, असेही घडते. प्रतिपिंड ओसरले म्हणून संरक्षण संपलेच असे नाही. आधीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या स्मृती बी-पेशी आणि टी-पेशी या चाचणीत मोजल्याच जात नाहीत.

पॉझिटिव्ह आलो म्हणजे आता मला पुन्हा होणार नाही, असे धरू का?

एलायझा केवळ चिकटणारे प्रतिपिंड मोजते. त्यांतले किती विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखतात, हे पाहायला न्यूट्रलायझेशन चाचणी लागते. तीत सीरम आणि जिवंत विषाणू एकत्र करून ते पेशींच्या थरावर सोडतात आणि किती पेशी वाचतात हे मोजतात. ती वेळखाऊ असते आणि धोकादायक विषाणूंसाठी कडक जैवसुरक्षेची प्रयोगशाळा मागते. इन्फ्लूएन्झामध्ये हिमॅग्लुटिनेशन (विषाणूमुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटणे) रोखण्याच्या चाचणीत १:४० हे टायटर, म्हणजे सीरम चाळीस पट विरळ केल्यावरही ते रोखले जाणे, संरक्षणाचा संकेत मानले जाते, पण त्याचा अर्थ धोका सुमारे निम्मा होतो इतकाच आहे. बऱ्याच विषाणूंसाठी असा सर्वमान्य आकडा नाही.

डेंग्यूत तर गोष्ट उलटीही फिरते. त्याच्या चार उपप्रकारांपैकी एकाविरुद्धचे प्रतिपिंड दुसऱ्या उपप्रकाराच्या संसर्गात आजार तीव्र करू शकतात.

अहवालावरचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू नये. वेगवेगळ्या कंपन्यांची एकके वेगवेगळी असत; कोविडच्या प्रतिपिंडांसाठी डिसेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना ठरवला आणि बीएयू (बाइंडिंग अँटीबॉडी युनिट) हे समान एकक आले. तरीही दोन निरनिराळ्या यंत्रांवरचे आकडे तंतोतंत जुळतीलच असे नाही.

मला पूर्वी डेंग्यू झाला होता. आता झिकाची चाचणीही पॉझिटिव्ह आली, हे कसे?

दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत आणि त्यांची बाह्य प्रथिने बरीच सारखी आहेत, त्यामुळे एकाचे प्रतिपिंड दुसऱ्याच्या चाचणीत चिकटतात. संशय असेल तर न्यूट्रलायझेशनने निवाडा करतात, आणि तोही दरवेळी सुटा होत नाही. ज्या भागात असे दोन-तीन विषाणू एकत्र नांदतात, तेथे दुसरीकडे पारखलेली विशिष्टता जशीच्या तशी गृहीत धरू नये.

साठ-सत्तर टक्के लोक पॉझिटिव्ह आले, म्हणजे साथ संपली असे म्हणायचे का?

ब्राझीलमधल्या मनौस शहराने हा प्रश्न निकालात काढला आहे. तेथील रक्तदात्यांच्या नमुन्यांत जून २०२० मध्ये सुमारे ४४ टक्के पॉझिटिव्ह आढळले. पुढच्या महिन्यांत हे प्रमाण घटत गेले. बाधित कमी झाले नव्हते, त्यांचे प्रतिपिंड ओसरत होते. ही घट हिशेबात धरून संशोधकांनी ऑक्टोबरपर्यंत ७६ टक्के लोक बाधित झाल्याचा अंदाज काढला. आणि जानेवारी २०२१ मध्ये नव्या उपप्रकाराची लाट अशी आली की रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला. अंदाज फुगलेला होता का? रक्तदाते सर्व नागरिकांचे प्रतिनिधित्व करत नाहीत, हे खरे. आधीची प्रतिकारशक्ती कमी झाली होती का, नव्या उपप्रकाराने तिला चकवले का? या शक्यता एकमेकींना खोडत नाहीत. पण एका फेरीच्या आकड्यावरून पुढचे भाकीत करणाऱ्याने मनौस आठवावे.

तान्ह्या मुलाचे रक्त का घेतले नाही?

आईचे आयजीजी वारेतून बाळाकडे जातात आणि काही महिने राहतात, त्यामुळे बाळाचा पॉझिटिव्ह निकाल खरे तर आईचा असू शकतो. मोठ्या मुलांसाठी शिरेत सुई टोचण्याऐवजी बोटातले दोन-चार थेंब गाळणकागदावर घेऊन वाळवतात. नवजात बाळांच्या तपासणीसाठी रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत सर्वेक्षणातही चालते. कागद पूर्ण सुकू दिला तर नमुना लिफाफ्यात घालून पाठवता येतो. घाईने ओला कागद बंद केला तर बुरशी येते आणि मुलाला उगाच टोचल्याचे वाईट वाटते.

माझा उरलेला नमुना ठेवून घेतला तर त्याचे काय करतात?

तो नावाऐवजी संकेतांक लावून उणे २० किंवा उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवतात. पुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला की असे नमुने बाहेर निघतात. २००९ मध्ये एच१एन१ इन्फ्लूएन्झाची साथ आली तेव्हा अमेरिकेत जुने साठवलेले सीरम तपासले गेले आणि साठीपुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांत त्या नव्या विषाणूला ओळखणारे प्रतिपिंड आधीपासूनच सापडले; वृद्धांना तो आजार तुलनेने कमी का होत होता, याचा उलगडा त्यातून झाला. मात्र अशा पुढच्या वापरासाठी आपली परवानगी वेगळी लागते. संमतीपत्रात त्यासाठी स्वतंत्र रकाना असतो. तेथे ‘नाही’वर खूण केली तर चालू पाहणी पूर्ण झाल्यावर नमुना नष्ट करायचा असतो, आणि तो रकाना वाचून दाखवला नसेल तर सही करण्यापूर्वी वाचून दाखवायला सांगावे.